‘आधी तू ले, मंग मी लिसू’: साथीच्या काळात सरकारवर भरवसा बसतो कसा आणि उडतो कसा

२०२० च्या जून-जुलैत, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात कुठल्याही ओट्यावर टेकलं की दोन वाक्यं कानावर यायचीच. एक म्हणजे "दवाखानामा गया तो परत वना नही" (दवाखान्यात गेला तो परत आला नाही) आणि दुसरं "पेशंट पॉझिटिव्ह दाखवला की हॉस्पिटलला दीड लाख मिळतात". पहिलं अर्धं खरं होतं, दुसरं साफ खोटं, पण लोकांनी दोन्ही सारख्याच जोरात पुढं ढकललं. मग व्हायचं काय, तर ताप आलेला माणूस टेस्टला जायच्या ऐवजी ओळखीच्या डॉक्टरकडं जायचा, "टायफॉईड वाटतोय" म्हणून दोन सलाईन लावून घरी यायचा, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दम लागला की मग अख्ख्या भाऊबंदकीची गाडी शोधायला पळापळ.

टीव्हीवर बसलेल्या शहाण्यांनी याला अडाणीपणा म्हणून निकालात काढलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. ही तीच माणसं आहेत जी कापसाचा भाव बघून कधी विकायचा आणि कधी घरात भरून ठेवायचा हे बरोब्बर ठरवतात, केळीच्या व्यापाऱ्याच्या नुसत्या आवाजावरून ओळखतात की हा पैसे देणार की बुडवणार. मग अशी माणसं सरकारचं का ऐकत नाहीत? आणि काही ठिकाणी ऐकतात ती का ऐकतात? जगभरात यावर बराच अभ्यास झालाय, तो जरा सोपा करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी हे बघू की साथीत भरवशाची एवढी गरज का पडते. रस्ता बांधायला सरकारला तुमच्या भरवशाची गरज नसते, ठेकेदार लागतो. साथीत तसं नाही चालत. सुरुवातीला तर औषधही नव्हतं आणि लसही नव्हती, हातात फक्त लोकांचं वागणं होतं. आणि सरकार काय मागत होतं बघा, दुकान बंद ठेव, कोणाकोणाला भेटलास त्यांची नावं दे, टेस्ट कर आणि पॉझिटिव्ह निघालास तर घर सोडून क्वारंटाईन सेंटरला जाऊन पड, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला माहेरी आणू नको, घरातलं माणूस गेलं तर शेवटचं तोंडही बघू नको. हे सगळं आज आणि स्वतःच्या खिशातून, आणि फायदा होणार तो पुढं कधीतरी आणि बराचसा दुसऱ्याच कोणाला. असा सौदा माणूस कधी करेल? समोरच्याच्या शब्दावर भरवसा असला तरच. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६, एवढ्या खेड्यापाड्यांत प्रत्येक दारात पोलीस उभा करणं कोणालाच जमणार नाही, त्यामुळं दांडका चौकापर्यंतच चालतो, गल्लीच्या आत माणूस आपल्या मनानंच वागतो.

२०१९ मध्ये म्हणजे कोरोनाच्या जरासं आधी एक जागतिक यादी निघाली होती, साथीला तोंड द्यायला कोणता देश किती तयार आहे याची. त्यात पहिला नंबर अमेरिकेचा आणि दुसरा ब्रिटनचा. पुढं या दोन देशांत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच. नंतर २०२२ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक मोठा अभ्यास छापून आला, १७७ देशांचा. कोणत्या देशात लागण कमी झाली आणि का, हे ते शोधत होते. ती तयारीची यादी काही कामाची निघाली नाही, हॉस्पिटलं किती आणि बेड किती यावरूनही लागणीचा नीट अंदाज लागत नव्हता. ज्या गोष्टीचा संबंध ठळक दिसला ती म्हणजे लोकांचा सरकारवरचा भरवसा आणि लोकांचा एकमेकांवरचा भरवसा. त्यांनी हिशोब मांडला की सगळ्या देशांतला सरकारवरचा भरवसा डेन्मार्कएवढा असता तर जगातली लागण साधारण १३ टक्क्यांनी कमी झाली असती, आणि लोकांचा एकमेकांवरचा भरवसा डेन्मार्कएवढा असता तर ४० टक्क्यांनी.

आता हा ४० चा आकडा बघून मी जरा थबकलो होतो, म्हणजे शेजाऱ्यावरचा भरवसा सरकारवरच्या भरवशापेक्षा तिप्पट भारी? (अर्थात हा दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे, यामुळंच ते झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.) पण बाजारपेठेतलं अर्धं शटर आठवलं की त्यातली मेख कळते. लॉकडाऊनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी फिरलं असतं तर दिसलं असतं, शटर गुडघ्यापर्यंत खाली, बाहेर एक पोरगं मोबाईल घेऊन उभं, गिऱ्हाईक आलं की ते शटरवर दोनदा टकटक करणार, आतून साडी नाहीतर चप्पल बाहेर. आणि त्या दुकानदाराला विचारलं तर तो कधीच म्हणणार नाही की मला कोरोनाचं काही वाटत नाही, तो म्हणणार, "मी बंद ठेवलं असतं हो आप्पा, पण समोरच्यानं उघडलंय ना." म्हणजे नियम पाळायची तयारी होती, पण बाकीचे पाळतील याचा भरवसा नव्हता. एकट्यानंच पाळायचं म्हणजे एकट्यानंच नुकसान सोसायचं.

सरकारवरचा भरवसा म्हणजे नेमकं काय, तर माणूस मनात तीन गोष्टी तपासत असतो, यांना हे काम जमतं का, हे खरं बोलतात का, आणि हे माझ्या भल्यासाठी करतायत की स्वतःच्या. तिन्ही वेगवेगळ्या आहेत. एखादा अधिकारी हुशार असेल पण लपवाछपवी करणारा असेल, एखादा प्रामाणिक असेल पण त्याच्यानं काही होत नसेल. आपला शेतकरी कपाशीचं बियाणं घेतो तेव्हा हेच करतो बघा, पाकिटावरची जाहिरात तो वाचत पण नाही, मागच्या साली आपल्या वावरात काय उगवलं आणि शेजारच्या नानांच्या बांधावर काय दिसलं यावर तो थैली उचलतो. म्हणजे साथीत सरकार जे बोलतं ते पाकीट झालं, आणि लोक बघतात ते मागच्या सालचं पीक.

आणि आमच्याकडचं मागचं पीक काय होतं? ग्रामीण रुग्णालयात गेलं की "डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेत". वर आणीबाणीतली नसबंदी जुन्या लोकांच्या अजून लक्षात आहे, १९७६ च्या एका वर्षात देशभरात साठ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या कित्येक जोरजबरदस्तीनं. ज्या पिढीनं सरकारी जीप दिसली की शेतात पळून जायचं असतं हे शिकून घेतलं, ती पिढी २०२१ मध्ये साठीच्या पुढं होती, आणि आरोग्य नि फ्रंटलाइन कर्मचाऱ्यांनंतर लस आधी नेमकी त्यांनाच टोचायची होती!

याहीपेक्षा जुनी गोष्ट प्लेगची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला, जेमतेम चार कलमांचा, आणि त्यातलं एक कलम असं की या कायद्याखाली चांगल्या हेतूनं काम करणाऱ्यावर कोर्टात दावा लावता येणार नाही. पुण्यात गोरे सोल्जर घराघरात, देवघरात, माजघरात शिरले, सामान बाहेर फेकलं, बायकांची तपासणी केली. लोकांनी मग पेशंट लपवायला सुरुवात केली, मयत लपवायला सुरुवात केली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या, त्याचा सोबती आयर्स्ट पण मेला. शाळेत आपण हे स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकतो, पण आरोग्याच्या नजरेनं बघितलं तर आजार थांबवायला निघालेल्या सरकारला लोक आजारापेक्षा जास्त घाबरायला लागले अशी ती अवस्था होती. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोरोनासाठी वापरला तो हाच १८९७ चा कायदा.

आता जळगावकडं येऊ. जून २०२० मध्ये जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात जे झालं ते महाराष्ट्रभर गाजलं. ८२ वर्षांच्या एक कोविड पेशंट आजी वॉर्डातून बेपत्ता झाल्या, शोधाशोध झाली, पोलिसात तक्रार गेली, आणि आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह त्याच हॉस्पिटलच्या टॉयलेटमध्ये सापडला. डीनसह काही जणांना निलंबित केलं, लवकरच कलेक्टरही बदलले. पण तोपर्यंत ती बातमी रावेरपासून चाळीसगावपर्यंत प्रत्येक मोबाईलमध्ये पोचली होती, आणि आता "दवाखानामा गया तो परत वना नही" म्हणणाऱ्याला खोडून काढायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्याच सुमाराला जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या आसपास होता आणि देशाचा तीनच्या आत. हा दर म्हणजे सापडलेल्या पेशंटपैकी मेले किती. आता विचार करा, लोक घाबरून टेस्टलाच येत नाहीत, हलका ताप-खोकलावाले घरीच बरे होतात आणि ते मोजलेच जात नाहीत, जे अगदी अखेरच्या घटका मोजत येतात तेवढेच सापडतात. मग शंभरातले दहा मेले असंच दिसणार ना. तो आकडा पेपरात छापून येतो, वाचून लोक अजून घाबरतात, अजून उशिरा येतात, आणि उशिरा आल्यामुळं खरोखरच जास्त मरतात. सुरुवातीला तर भर म्हणून स्वॅब तपासायला धुळ्याला जायचे, रिपोर्ट यायला दिवस लागायचे, संशयित आणि पक्के पेशंट जवळजवळ राहायचे, म्हणजे भीती काही हवेतली नव्हती. एकदा हे चक्र सुरू झालं की नुसत्या पोस्टरनं ते थांबत नाही, तिथं दिसेल असं काहीतरी बदलावं लागतं.

हे बदलता येतं का? येतं. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स नावाची साथ आली होती, कोरोनाच्याच भावकीतली. सरकारनं सुरुवातीला कोणत्या हॉस्पिटलात पेशंट आहेत त्यांची नावंच सांगितली नाहीत, का तर लोक घाबरतील. उलटंच झालं, लोकांनी स्वतःच याद्या बनवून फिरवल्या, खऱ्या-खोट्या सगळ्या, माणसं नको त्या हॉस्पिटलात गेली आणि तिथून आजार घेऊन आली, १८६ जणांना लागण झाली आणि सरकारची पार लाज गेली. शेवटी नावं जाहीर करावी लागलीच. पण त्यांनी पुढं एक काम केलं, कायदा बदलला, की साथीत अशी माहिती जनतेला द्यावीच लागेल. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा तिथले अधिकारी रोज समोर येऊन कुठं काय सापडलं ते सांगायचे, कधीकधी तर इतकं सांगायचे की पेशंटच्या खाजगीपणाचं काय असा वेगळाच वाद झाला. पण शहरं कुलूपबंद न करता पहिली लाट त्यांनी आटोक्यात आणली.

यातूनच मला जो मुद्दा सांगायचाय तो येतो. सरकारला कायम वाटतं की वाईट बातमी सांगितली तर लोक बिथरतील, म्हणून "सगळं नियंत्रणात आहे, घाबरू नका". अनुभव असा की वाईट बातमी सरकारनं स्वतःहून आणि आधी सांगितली तर थोडा वेळ लोक हबकतात, पण पुढच्या वेळी त्या माणसाचं ऐकतात. तीच बातमी लोकांना बाहेरून कळली तर पुढचं काहीच ऐकत नाहीत, चांगलं सांगितलेलं पण नाही. यावर डेन्मार्कच्या संशोधकांनी डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या हजारो लोकांवर प्रयोग करून बघितलाय, २०२१ ला छापून आला. काहींना लसीबद्दल गोडगोड आणि मोघम माहिती दिली, काहींना लसीचे तोटे पण स्पष्ट सांगितले. स्पष्ट सांगितल्यावर लस घ्यायची तयारी जरा कमी झाली हे खरंय, पण आरोग्य खात्यावरचा भरवसा वाढला. आणि मोघम बोलल्यानं? लस घ्यायची तयारीही वाढली नाही आणि भरवसाही कमी झाला. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

आपल्याकडं याचं उदाहरण म्हणजे कोविशील्ड. लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला, दोन डोसमध्ये अंतर चार ते सहा आठवडे. मार्चमध्ये सांगितलं सहा ते आठ. १३ मे ला सांगितलं बारा ते सोळा. आता अंतर वाढवल्यानं लस जास्त चांगली काम करते याला ब्रिटनकडून आलेला आधार होता, निर्णय अगदीच हवेतला नव्हता. पण मे महिन्यात केंद्रांवर लस नव्हती, पहाटे चारपासून रांगा, कोविन या लसनोंदणीच्या साइटवर स्लॉट उघडला की मिनिटात गायब, आणि नेमकं तेव्हाच अंतर वाढवलं तर माणूस काय समजणार? "लस संपली म्हनीसन आंतर वाढाई दिधं", एवढं सरळ. "लस कमी आहे आणि शास्त्रसुद्धा अंतर वाढवा म्हणतंय, दोन्ही खरंय" असं कोणी उघड बोललं असतं तर लोकांना कळलं असतं, शेतकऱ्याला टंचाई समजावून सांगावी लागत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत त्याचा जन्म गेलाय.

रक्ताच्या गाठीचं तर त्याहून भारी आहे. मे २०२१ मध्येच आपल्या केंद्र सरकारच्या समितीनं सांगितलं होतं की कोविशील्डनंतर गाठी होण्याच्या तक्रारी अत्यंत कमी पण आहेत, दहा लाख डोसमागं ०.६१ एवढ्या. प्रेसनोट निघाली आणि विषय संपला. गावात कोणी सांगितलं? कोणीच नाही. मग २०२४ च्या एप्रिलच्या शेवटी लंडनहून बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीनं कोर्टात मान्य केलं, अगदी क्वचित असं होऊ शकतं. झालं, आमच्या आत्याचा रात्री फोन, "तवय तं काहीच व्हत नही म्हनेत ना रे?" आता तिला काय सांगायचं, की आत्या, तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, दिल्लीत, इंग्रजीत? आणि गाठ व्हायची ती सहसा लस घेतल्यावर काही दिवस-आठवड्यांत, तीन वर्षांनी नाही, ही साधी गोष्ट पण तिच्यापर्यंत पोचली नव्हती, त्यामुळं गावात त्या आठवड्यात ज्याला ज्याला छातीत दुखलं तो प्रत्येक जण कोविशील्डचं नाव घेत होता. आकडा लपवला असं म्हणता येणार नाही. फक्त ज्याला सांगायचा त्याला सांगितला नाही, आणि माझ्या मते लोकांच्या दृष्टीनं यात काडीचा फरक नाही.

दुसरी गोष्ट जिच्यामुळं भरवसा भसकन् उतरतो, ती म्हणजे नियम करणाऱ्यानंच नियम मोडणं. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून गाडी काढून थेट डरहॅमला गेले, मे २०२० मध्ये हे फुटलं, आणि संशोधकांना त्यानंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा भरवसा घसरलेला स्पष्ट दिसला, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तसा दिसला नाही कारण तिथली सरकारं वेगळी. आपल्याकडं असलं मोजायला कोणी बसलं नाही, पण ज्याच्या घरचं लग्न पन्नास माणसांत उरकावं लागलं आणि पंचावन्न झाली म्हणून दंड भरला, त्यानंच त्याच महिन्यात पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नाचे फोटो बघितले असतील तर त्याच्या डोक्यात काय हिशोब झाला हे विचारायला संशोधक लागत नाही.

आणि कधीकधी खोटं बोलणं नसतं, नुसता गोंधळ असतो, पण तोसुद्धा जीव घेतो. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या. कोणाला, कुठून, कशी जागा मिळणार हे मजुरांपर्यंत नीट पोचलंच नाही. मध्य प्रदेशचे मजूर जालन्याहून रेल्वेच्या रुळानं चालत निघाले, भुसावळला गाडी मिळेल या आशेनं. गाड्या तर बंदच आहेत असं समजून थकून रुळावरच झोपले आणि ८ मे च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीनं त्यातले १६ जण गेले. त्याच दिवसांत आपल्या धुळे-शिरपूर हायवेवरून दिवसरात्र माणसं चालत मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडं जात होती, डोक्यावर बोचकं, कडेवर पोरगं. सरकार म्हणत होतं जिथं आहात तिथंच थांबा, आम्ही सोय करतो. त्यांनी त्या शब्दावर किती भरवसा ठेवला ते त्यांच्या पायांनीच सांगितलं. त्यांना खाऊपिऊ घातलं ते बरंचसं हायवेवरच्या गावांनी.

आता नंदुरबार, कारण तिथं चांगलं आणि अवघड असं दोन्ही एकाच वर्षात बघायला मिळतं. तिथले तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले आणि स्वतः एमबीबीएस डॉक्टर. पहिल्या लाटेतच, सप्टेंबर २०२० मध्ये, यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट बसवला, मिनिटाला ६०० लिटरचा. पुढं अजून बसवले, २०२१ च्या एप्रिलपर्यंत सगळी मिळून क्षमता २४०० लिटर. दिल्लीत माणसं ऑक्सिजनवाचून मरत होती त्याच आठवड्यात नंदुरबारला बेड शिल्लक होते, शेजारच्या जिल्ह्यातनं आणि मध्य प्रदेशातनं पेशंट तिथं येत होते. म्हणजे "यांना जमतं का" या प्रश्नाला रोकडं उत्तर मिळालं.

पण नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी ज्या जिल्ह्यांत पहिला डोससुद्धा निम्म्या लोकांनी घेतला नव्हता अशा चाळीसेक जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात नंदुरबार पण होतं! ऑक्सिजनच्या बाबतीत देशात नाव काढलेला जिल्हा लसीत मागं कसा? माझं म्हणणं असं की भरवसा ही एकच गोष्ट नाही, प्रत्येक कामाचा भरवसा वेगळा कमवावा लागतो. दम लागलेला माणूस ऑक्सिजन मागायला स्वतः येतो, त्याला पटवावं लागत नाही. लस मात्र धडधाकट माणसाला टोचायची असते, आणि नंतर येणारा दोन दिवसांचा ताप त्याला दिसतो, टळलेला आजार दिसत नाही. कलेक्टर आपल्यातला आहे हे ठीक, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर कलेक्टर नसतो, तिथं असतं ते पाच-सहा डोंगर ओलांडून आलेलं अनोळखी पथक, मराठीत बोलणारं, आणि समोरची माणसं भिलोरी नाहीतर पावरीत विचार करणारी.

आणि इथंच एक इशारा पण देऊन ठेवतो. लस कमी झाली की "लोकांचा विश्वासच नाही" म्हणणं अधिकाऱ्यांना फार सोयीचं असतं, कारण मग दोष लोकांचा होतो. नर्मदेच्या काठच्या काही पाड्यांना रस्ताच नाही, तरंगता दवाखाना नाहीतर बोट हाच मार्ग. दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला नाहीतर कामाला गुजरातेत जाते, मग घराला कुलूप असतं, त्याला नकार कसं म्हणणार? कोविनला मोबाईल लागायचा, रेंज टेकडीवर. आधी हे सगळं वजा करा आणि मग उरेल तो अविश्वास मोजा.

अफवांचं पण तसंच. अफवा मोकळ्या जागेत वाढते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची निष्पाप माणसं होती ती, आणि मागं होते व्हॉट्सॲपवर फिरलेले मेसेज. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच चॅटच्या वर मेसेज फॉरवर्ड करणं बंद केलं. पण फॉरवर्डला आळा घातला तरी मूळ प्रश्न राहतोच, गावात एखादी भीतीची गोष्ट आली तर ती खरी की खोटी हे विचारायला गावाच्या ओळखीचा, खरं सांगणारा सरकारी माणूस आहे का? तो असला की अफवा संध्याकाळपर्यंत विझते. नसला की तिच्यावर माणसं मरतात.

पुष्कळ गावांत तो माणूस म्हणजे बाई होती, आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतली गावातली कार्यकर्ती. लसीकरणाच्या सुरुवातीला आमच्याकडच्या एका गावात मी बघितलेलं, शाळेच्या व्हरांड्यात कॅम्प, नर्स बसलेली, खुर्च्या रिकाम्या, आणि समोर निंबाखाली बायका उभ्या, कोणी पुढं येईना. एक म्हातारी आशाताईला म्हणाली, "आधी तू ले, मंग मी लिसू." ताईनं मोबाईल काढून सर्टिफिकेट दाखवलं, म्हणाली, "मावशी, मी दोन्ही लिधी, ताप वना व्हता, गोई खादी, दुसरा दिन वावरमा गयी." आरोग्य कर्मचारी म्हणून तिचा नंबर आधीच लागला होता. बघा, तिनं ताप येत नाही असं नाही सांगितलं. ताप आला हे सांगितलं, आणि पुढं काय झालं ते पण सांगितलं. म्हातारी खुर्चीत जाऊन बसली, पदर सावरत, सुनेला हाक मारत. डेन्मार्कच्या प्रयोगातनं जे निघालं तेच ही बाई निंबाखाली करत होती.

साथ संपल्यावरही हा हिशोब चालूच राहतो, आणि त्यात सगळ्यात नाजूक आकडा मयतांचा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज दिला की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले, त्याच दोन वर्षांचा सरकारी कोविड मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारनं त्यांची मोजायची पद्धतच चुकीची आहे म्हणून हरकत घेतली, तो वाद तज्ज्ञांचा. पण आपल्या महाराष्ट्रातच ५० हजारांच्या मदतीसाठी आलेले अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा जास्त निघाले. याचं एक साधं कारण आहे, सुप्रीम कोर्टात ठरलं की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविडचाच धरायचा, मग घरी गेला असो की दवाखान्यात. आधीच्या मोजणीत असे बरेच सुटले होते. हे कारण जाहीरपणे नीट सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. न सांगितल्यामुळं ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला एवढंच कळलं की आमचं माणूस मोजलंच नव्हतं.

अंधळा भरवसा ठेवा असं मी कोणालाच सांगणार नाही, तो पण धोक्याचाच. सिंगापूरवर एक अभ्यास झालाय, तिथं सरकारवर लोकांचा भरवसा भक्कम, आणि त्यामुळंच सुरुवातीला कित्येकांना वाटलं की सरकार बघून घेईल, आपल्याला काय धोका, आणि स्वतःची काळजी घ्यायचं मनावर घेतलं नाही. प्रश्न विचारणारी माणसं गावाला लागतातच, फक्त विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणारं कोणी समोर पाहिजे.

म्हणून परत आशाताईंकडं येतो, कारण गावात सरकारचं तोंड म्हणजे त्याच. कोरोनात घरोघर फिरून ऑक्सिमीटर लावणाऱ्या, शिव्या खाणाऱ्या, आणि कागदोपत्री मात्र ‘स्वयंसेविका’. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरता ओसरता, राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांनी संप केला, तेव्हा महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, पेपरात फोटो आले. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं सात हजारांची वाढ जाहीर केली, पण जीआर काही निघेना, मग जानेवारी २०२४ मध्ये परत संप, मुंबईला आझाद मैदानात धरणं, आणि मार्चमध्ये मंजूर झाले ते पाच हजार. आता पुढची साथ आली की गावात दारोदार जाऊन "सरकारनं सांगितलंय" म्हणायचं काम याच बायकांकडं येणार, आणि सरकार सांगतं काय नि करतं काय हे गावात त्यांच्याइतकं जवळून कोणीच बघितलेलं नाही.